बाराच्या आत

टाचणी नेमकी सहीच्या जागेतून गेली होती. वरचे अकरा कागद डाव्या कोपऱ्यात नीट टोचलेले, पण बारावा अर्ध्याच पानाचा, तो दुमडून सगळ्यांच्या मागे सारलेला, त्यामुळे टाचणीचं टोक जिथून बाहेर पडलं तिथे क्षिप्राच्या नावाखालची रेघ होती — आणि टाचणी तरी धड असावी, तर तीही अण्णांनी निवृत्तीच्या दिवशी खात्यातून आणलेल्या डबीतली, डोक्याशी तांबूस पडलेली. एका विषयाचे कागद एका टाचणीत, हा अण्णांचा नियम. पण हा एक विषय नव्हताच. हे दोन विषय होते, एकमेकांचे वैरी म्हणावेत असे, आणि ही गोष्ट अण्णांना समजावून सांगण्यापेक्षा एका इंजिनावर विमान उतरवणं सोपं, असं क्षिप्राला गेले नऊ दिवस वाटत होतं.

वरचे अकरा कागद वरदा एअरचे. सहवैमानिक म्हणून घेतो, सत्तर आसनांच्या पंख्याच्या विमानाचं प्रशिक्षण देतो, हैदराबादला राहायचं, पाच वर्षं सोडून जायचं नाही — एवढंच सांगायला त्यांना अकरा पानं लागली होती, आणि ती मुद्रांकावर चढवून, नोटरीचा शिक्का घेऊन, आज पाचच्या आत कंपनीकडे अपलोड करायची होती. मागचं अर्धं पान नीलाद्री एअरचं. एकोणीस आसनांची पाच विमानं, ठाणं दिब्रुगडला, अरुणाचलच्या डोंगरांत सकाळी जायचं नि दुपारी ढग भरायच्या आत परतायचं. या, राहा, सहा महिन्यांनी एकमेकांचं पटलं तर पुढचं बोलू, हो की नाही ते आज पाचपर्यंत कळवा. दोघींनाही आजचाच दिवस सापडावा... चौदा महिने लायसन घेऊन घरी बसलेल्या मुलीला एकाही कंपनीने साधं ‘नाही’ म्हणायचीही तसदी घेतली नव्हती, आणि आता एकाच आठवड्यात दोघींनी हात पुढे केले, तर तेही असे की एक धरला की दुसरा सुटलाच. कारण पहिली कंपनी म्हणजे पहिलं विमान, आणि पुढची वाट पहिल्या विमानावरच ठरते. सत्तर आसनांवर बसली तर पाच वर्षांनी मोठ्या जेटकडे जायची वाट निदान दिसते. एकोणीस आसनांवर बसली तर उडायला मिळेल पोटभर, लवकर कॅप्टनही होता येईल, पण त्या इवल्या विमानावर घालवलेले तास मोठ्या कंपन्या पुढे धड विचारातही घेत नाहीत... हे सगळं तिला पाठ होतं. पाठ असून उपयोग नव्हता, हीच तर चीड होती.

“क्षिप्रा, नऊ वाजले,” अण्णा दारातून म्हणाले. त्यांनी चपला घातल्याही होत्या.

“पाचपर्यंत आहे, अण्णा.”

“पाच वाजता नोटरीकडे कोण जातं? बाराच्या आत झालं पाहिजे.”

स्वयंपाकघरातून आईने — सुहासिनीबाईंनी, ज्यांचा या सगळ्या प्रकरणातला वाटा डबे भरणं आणि टोमणे मारणं एवढाच होता — नेहमीचं वाक्य टाकलं, “जा बाई जा. तुझं बारसंसुद्धा यांनी बाराच्या आत उरकलं होतं, पाळणा म्हणायला बायका जमायच्या आधी.”

क्षिप्राने बारावा कागद टाचणीतून काढला, उलगडला, भोकाकडे पाहिलं, आणि तो आपल्या पर्समध्ये ठेवला. अण्णांनी ते पाहिलं. काही बोलले नाहीत, पण न बोलण्याचीही त्यांची एक पद्धत होती, तिचा आवाज भाषणापेक्षा मोठा होता.

दोष वरदाच्या दहाव्या पानावरच्या ओळीचा. तुकडीतल्या उमेदवारांचा सेवाज्येष्ठता क्रमांक कागदपत्रं पूर्ण दाखल होण्याच्या क्रमाने ठरेल, असं तिथे लिहिलं होतं. बाकीची पानं अण्णांनी पेपर चाळावा तशी चाळली होती. या ओळीशी मात्र ते थांबले, चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि लाल पेन्सिलीने तिच्याखाली अशी रेघ ओढली की कागद फाटायचा राहिला. त्या क्षणापासून नीलाद्रीचं पान मागे गेलं. वैमानिकाच्या नोकरीत हा क्रमांक म्हणजे जन्मपत्रिकाच — उजव्या खुर्चीवरून डाव्या खुर्चीवर, म्हणजे कॅप्टनच्या जागी, आधी कोण सरकणार, दिवाळीत रजा कुणाला, घराजवळचं ठाणं कुणाला, सगळं त्यावर. एक दिवस मागे राहिलेला तीस वर्षं एक दिवस मागेच राहतो. हे अण्णांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. विमानातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण हे कळत होतं, आणि तिच्या सबंध धंद्यातली हीच एक गोष्ट त्यांना कळावी, याचाच तिला मनापासून संताप येत होता.

कारण घरात ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. एकोणीसशे सत्त्याऐंशी साल, अण्णा तेवीस वर्षांचे, सरकारी खात्याच्या ठाण्यातल्या कचेरीत रुजू व्हायचा दिवस. नेमकी अंगारकी आली, त्यांच्या आईने हातात नारळ दिला, डोंबिवलीच्या गणपतीला रांग ही एवढी, आणि अण्णा कचेरीत पोचले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. कारकुनाने नावापुढे ‘म.नं.’ लिहिलं, म्हणजे मध्यान्हानंतर. त्यांच्याच यादीतला, त्यांच्याइतकेच गुण मिळालेला रवींद्र पाटणकर साडेदहाला येऊन बसला होता; त्याच्या नावापुढे ‘म.पू.’. मग पस्तीस वर्षं पाटणकर एक पायरी वर आणि अण्णा एक पायरी खाली, कारण वरची जागा दरवेळी एकच निघायची, आणि ती यादीतल्या वरच्या माणसाला जायची. अण्णांनी निवेदनं दिली, स्मरणपत्रं दिली, स्मरणपत्रांची स्मरणपत्रं दिली. पाटणकर उपसंचालक होऊन निवृत्त झाले, अण्णा अधीक्षक राहून. ती फाइल अजून माळ्यावर आहे आणि दर दिवाळीला आई तिच्यावरची धूळ झटकते.

घरात पाटणकर हे माणसाचं नाव राहिलंच नव्हतं. दहावीत ती दोन गुणांनी दुसरी आली तेव्हा अण्णांनी पेढा हातात घेऊन विचारलं होतं, “तुझा पाटणकर कोण?” पुढे पोहण्याच्या स्पर्धेत, गाण्याच्या परीक्षेत, पासपोर्टच्या रांगेतसुद्धा तिचा एकेक पाटणकर निघत गेला, आणि तिला हसू यायचं... यायचं म्हणजे पूर्वी यायचं. आता तिचा पाटणकर सुश्रुत होता. फ्लाइंग स्कूलमधला जोडीदार. एकाच आठवड्यात दोघांनी पहिलं एकट्याने उड्डाण केलं होतं, एका ताटात जेवले होते, आणि मागच्या तुकडीत वरदाला लागल्यावर त्याने तिला पहिला मेसेज केला तो स्वतःच्या क्रमांकाचा. दोनशे बारा. ‘नंबर घे आधी यार, बाकी नंतर बघ.’ तिने त्याला अंगठा पाठवला होता, आणि मग कितीतरी वेळ दोनशे बारामध्ये मधल्या लोकांची संख्या मिळवत बसली होती — मला किती येईल, दोनशे एकतीस? दोनशे चाळीस? — मी. शिकायला गेले तेव्हा वरून शेतं कशी दिसतील एवढंच जिच्या डोक्यात होतं, ती मी.

मोठागावच्या नव्या पुलावर खाडीचा वारा डावीकडून आला आणि स्कूटर तिच्या हातात किंचित डावीकडे झुकली. तिने झुकवली नव्हती. हातांनी परस्पर केलं. मागे अण्णा, दोघांच्या मध्ये फाइल, फाइलचा कोपरा तिच्या पाठीत रुतलेला, पण चौदा महिन्यांत हातांनी असा वारा ओळखला नव्हता, आणि पुलाच्या मध्यावर, खाली ओहोटीचा चिखल नि चिखलात टेकलेली एक होडी दिसत असताना, तिला अर्धं मिनिट फार बरं वाटलं. नीलाद्रीचा तो पांढऱ्या मिशांचा कॅप्टन आठवला. त्याची मुलाखत म्हणजे त्याने तिला हँगरमध्ये नेलं, विमानाभोवती एक चक्कर मारली आणि भिंतीवरचा फोटो दाखवला. दोन डोंगर, मध्ये नदी, नदीच्या वळणापाशी बोटाएवढी धावपट्टी. या वळणाच्या पुढे गेलं की दरी अरुंद होते, विमान परत वळवायला जागा नाही, तेव्हा उतरायचं की फिरायचं ते वळणाच्या आधीच ठरवायचं, असं तो म्हणाला, दुधाकडे लक्ष ठेव म्हणावं तितक्या साध्या आवाजात. मग विचारलं, हाताने उडवायला आवडतं? ती हो म्हणाली, प्रश्न पुरा व्हायच्या आत. “सगळे होच म्हणतात,” तो हिंदीत म्हणाला आणि त्याने चहा मागवला, आणि तिने तो तसाच कढत कढत संपवला, कारण प्रवासाने घसा इतका कोरडा... तर ते वळण. त्या वळणाच्या पुढे—

“पन्नासच्या वर नको,” अण्णा कानाशी म्हणाले. “आणि पुढे ट्रक लागतील. खारेगावला सांभाळून.”

झालं. हे असं. जरा कुठे त्या दरीपर्यंत पोचावं की अण्णांनी मध्ये यावं, नऊ दिवस हेच चाललं होतं. सकाळी चहा घेताना, केस पुसताना, गच्चीवर जाऊन उगाच उभं राहिलं तरी — खालून हाक: “क्षिप्रा, मुद्रांक आणला बरं का.” “क्षिप्रा, म्हात्रे वकिलांशी बोललोय.” एकदा, फक्त एकदा ही माणसं गप्प बसली असती तर मला काय हवंय ते मला केव्हाच कळलं असतं, असं ती मनाशी म्हणाली. हे वाक्य ती हल्ली दिवसातून चार वेळा म्हणत असे, आणि दर वेळी ते म्हटलं की तिला जरा हायसं वाटायचं. मग माणकोलीचा नाका आला, हायवे आला, ट्रक आले आणि विचार करायला काही उरलं नाही.

कोर्ट नाक्याला पोचले तेव्हा दहा वाजायला आले होते आणि म्हात्रे वकिलांच्या खोलीला कुलूप होतं. बाहेर लाकडी बाक, बाकावर आधीच तीन माणसं. अण्णांनी प्रत्येकाला तुमचं काय काम म्हणून विचारून घेतलं आणि कोणाला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधला. मृत्युपत्र असलेल्या आजोबांकडे त्यांनी विशेष नाराजीने पाहिलं. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. शेजारच्या दुकानात स्कॅनिंगची सोय आहे का, तेही अण्णा दोनदा विचारून आले. सुश्रुतचा मेसेज आला: ‘तुझ्या तुकडीतल्या दोघांचे कागद गेले पण. तू कुठेस?’

तिने ते ‘दोघांचे’ पुन्हा वाचलं. आणि पुन्हा वाचलं म्हणून राग आला, कारण वरदाला जायचं हे जर तिने ठरवलंच नव्हतं, तर दोघं पुढे गेले याचं तिला काय? ज्या रांगेत उभं राहायचं की नाही तेच ठरलेलं नाही, त्या रांगेत आपला नंबर मागे पडला म्हणून जीव वरखाली व्हावा... हे अण्णांचंच रक्त, दुसरं काय.

“किती गेले?” अण्णांनी विचारलं. त्यांनी मेसेज पाहिला नव्हता. तिचं तोंड पाहिलं होतं.

“दोन.”

“मग तिसरी येशील अजून.”

अकराला म्हात्रे वकील आले, कुलूप काढता काढता म्हणाले, “बसा बसा, एकेकाला घेतो, कोनी घाई करू नका.” मृत्युपत्राचे आजोबा आत गेले आणि अण्णांच्या अंदाजापेक्षा लवकर बाहेर आले. उरलेल्या दोघांचं एकच काम निघालं, तेही आटोपलं. आता आपलाच नंबर, असं म्हणून अण्णांनी फाइल हातात घेतली, शर्ट खाली ओढला, आणि तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने एक उंच, जरासे वाकलेले गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन पायरी चढून आले. अण्णा एकदम उभे राहिले. म्हणजे आधीच उठत होते, पण हे उभं राहणं वेगळं होतं, टाचा जुळवून.

“नमस्कार, पाटणकर साहेब.”

क्षिप्राने मान वर केली. हा? लहानपणापासून तिने पाटणकर नावाचा जो माणूस मनात उभा केला होता तो रुंद खांद्यांचा होता, मनगटावर मोठं घड्याळ, नेहमी जिन्याच्या वरच्या पायरीवर. समोर एक म्हातारा होता, पायात कॅनव्हासचे बूट, शर्टाच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट डोकावत होतं.

“नमस्कार, नमस्कार,” पाटणकर म्हणाले, आणि चांगल्या माणसासारखे हसले. “आपण...?”

“गोगटे. आस्थापना शाखा.”

“हां हां, गोगटे. लेखा शाखेत होतात ना? बासरी वाजवायचात.”

“ते गोखले, साहेब.”

“गोखले, बरोबर. आणि तुम्ही केव्हाचे?”

“सत्त्याऐंशीचा. आपण एकाच दिवशी रुजू झालो.”

“असं? काय सांगता.” पाटणकरांना मनापासून आनंद झाला. “मला इतकी वर्षं वाटायचं, त्या दिवशी मी एकटाच होतो.”

मग त्यांनी ही मुलगी का, काय करते, असं विचारलं. पायलट म्हटल्यावर वा वा म्हणाले. घर भाड्याने दिलंय त्याचा करार करायला आलोय, गुडघे फार दुखतात, उभं राहवत नाही, असंही सांगितलं. आतून म्हात्रे वकिलांनी पुढचा कोण म्हणून विचारलं. क्षिप्रा उठली.

“साहेबांना आधी घ्या,” अण्णा म्हणाले.

पाटणकर आभार मानून आत गेले. आणि क्षिप्राला वाटलं, आता आपण ओरडू. इथे, कोर्ट नाक्यावर, टायपिंगवाल्यांच्या आणि मुद्रांकवाल्यांच्या समोर. नऊ दिवस बाराच्या आत, बाराच्या आत म्हणून माझा जीव खाल्लात, सकाळपासून मिनिटं मोजलीत, आणि साडेअकराला स्वतःच्या हाताने नंबर दिलात, तोही कुणाला... पण तिने अण्णांकडे पाहिलं. ते बाकावर बसले होते, फाइल मांडीवर, दोन्ही हात फाइलवर पालथे, आणि समोरच्या भिंतीवर काही लिहिलेलं असावं तसे त्या कोऱ्या भिंतीकडे बघत होते. तिला त्यांची दया आली, आणि दया आलेली तिला आवडली नाही.

“त्यांना काही माहीतच नाही, अण्णा,” ती शेवटी म्हणाली.

“हं.”

“इतकी निवेदनं दिलीत...”

“निवेदनं वर जातात. शेजारच्या टेबलावर थोडीच जातात.”

ती त्यांच्या शेजारी बसली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि या माणसाला बरं वाटेल असं तिला एकच माहीत होतं — त्यांची गोष्ट त्यांनाच पुन्हा सांगायला लावणं. “त्या दिवशी रांगच तेवढी होती,” ती म्हणाली. “तुमचा काय दोष त्यात.”

“कसली रांग?”

“अंगारकीची. देवळात.”

आत म्हात्रे वकिलांनी शिक्का मारल्याचा धप्प आवाज आला.

“देवळात गेलोच नव्हतो मी,” अण्णा म्हणाले. “अंगारकी होती, ते खरं. आईने नारळ दिला होता, तेही खरं. पण मी सकाळीच ठाण्याला आलो, आणि तलावपाळीवर बसलो. दहापासून.”

“का?”

“खिशात दोन पत्रं होती. एक या कचेरीचं, आणि एक हवामान खात्याचं. मिनिकॉय बेटावर निरीक्षक. रोज ठरल्या वेळी आकाशात फुगा सोडायचा, तो कुठे जातो ते दुर्बिणीतून बघायचं, आणि वारा लिहून ठेवायचा. घरी सांगितलं नव्हतं कुणाला. तुझ्या आईला पण नाही सांगितलं कधी.”

“आणि नारळ?”

“तळ्यात सोडला. परत कुठे नेणार.”

क्षिप्राला आधी राग आला, आणि तो चांगला सणसणीत होता. बारसं, शाळेचा प्रवेश, दहावी, गाणं, पोहणं, सव्वीस वर्षांचं सबंध आयुष्य ज्या रांगेच्या भीतीने पळवत नेलं ती रांग नव्हतीच. पळायचं कारण नव्हतं. एक माणूस तळ्याकाठी बसून राहिला होता, एवढंच झालं होतं, आणि त्याचं बिल पाटणकरांवर, गणपतीवर, कारकुनावर, सगळ्यांवर फाडून झालं. तिचं तोंड उघडलंही होतं. पण त्याच वेळी दुसरं काहीतरी सुचलं, फार मोहाचं, आणि ती रागाला बाजूला सारून त्याच्याकडे वळली.

“म्हणजे तुम्हाला मिनिकॉयला जायचं होतं,” ती म्हणाली. “हो ना?”

तिच्या आवाजातली लालूच तिला स्वतःलाच ऐकू आली. त्यांनी हो म्हणावं. एकदा हो म्हणाले की सुटलं सगळं. मग ती ही अकरा पानं इथेच ठेवील, दिब्रुगडला जाईल, बापाचं राहिलेलं लेकीने पुरं केलं म्हणतील लोक, सुश्रुतलासुद्धा पटेल, आणि तुला स्वतःला काय हवं होतं असं मग कुणी विचारणार नाही. तीसुद्धा विचारणार नाही.

अण्णांनी विचार केला. टाळायला नाही, खरोखर केला; ओठ हलत होते, जुनं काही वाचून पाहावं तसे.

“ते कळलं असतं,” ते म्हणाले, “तर दोन तास तिथे बसलो असतो का गं?”

“मग उठलात कसे?”

“बाराचा भोंगा झाला कुठेतरी. भूक लागली होती. आणि मिनिकॉयला जायला बोट लागते. ही कचेरी पाच मिनिटांवर होती.”

पाटणकर बाहेर आले, दोघांना हात जोडले, मुलीला आशीर्वाद दिला, रेलिंग धरून एक एक पायरी उतरले. म्हात्रे वकिलांनी आतून हाक मारली, “चला ताई, या. सही माझ्यासमोर करायची.” त्यांच्या डोक्यावरच्या घड्याळात बाराला दहा मिनिटं कमी होती. सही, शिक्का, शेजारच्या दुकानात स्कॅनिंग. सगळं धरून झालं असतं. अण्णांनी घड्याळ पाहिलं. त्यांनी पाहिलेलं तिने पाहिलं. आणि ते काही बोलले नाहीत — या वेळी त्या न बोलण्याला आवाज नव्हता. ते नुसतेच बोलले नाहीत.

आता. आता कुणी मध्ये येत नव्हतं. ती मनाने दरीकडे गेली, नदीच्या वळणापर्यंत, तिथे थांबली, पुढे पाहिलं, आणि हाक आली नाही. घाबरली ती. त्या दिवशी कोरडा पडलेला घसा उगाच प्रवासावर ढकलला होता. हँगरमध्येही ती घाबरलीच होती, आणि ते वळण तिला हवंही होतं, आणि दोन्ही इतकं एकात एक होतं की एक उचलायला गेलं तर दुसरं हाताला येत होतं. मग हैदराबाद. तिथे रुंद धावपट्टी, दोनशे पस्तीस-चाळीस असा काहीतरी क्रमांक, सुश्रुतबरोबर कँटीनमध्ये जेवण. तेही हवं होतं. खोटं कशाला बोला, तेही फार हवं होतं. नऊ दिवस तिची समजूत होती की आत उत्तर तयार आहे, फक्त अण्णा दारात उभे आहेत. अण्णा दारातून सरकले होते. आत कुणी नव्हतं. तिने सवयीने राग शोधला, सकाळी टाचणी पाहून आलेला, पुलावर आलेला, मघाचा. तो होता, अजून गरम होता, पण ज्याच्यावर टाकावा असा एकही माणूस त्या बाकावर किंवा त्या रस्त्यावर उरला नव्हता.

“ताई?” म्हात्रे वकील म्हणाले. “येताय ना? की दुसऱ्याला घेऊ?”

“पाच मिनिटं,” ती म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, फाइल आपल्या मांडीवरून उचलून दोघांच्या मध्ये ठेवली आणि ते जरा पलीकडे सरकले. ही पाच मिनिटं आता आपली एकटीची आहेत, हे लक्षात आलं तेव्हा क्षिप्रा बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली.